सात वारांचे ऋण



गेल्या पौषात आम्ही एक वारी करून आलो. ती पंढरीची नव्हे, आळंदीचीही नव्हे. तिला ना पताका होत्या, ना टाळ-मृदंग. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात एक लहानसे गाव आहे. तेथील सप्ताहाचे काल्याचे कीर्तन आज बावीस वर्षे आमच्याकडे आहे. त्या गावच्या माळकरी मंडळींबरोबर आम्ही मेळघाटात गेलो होतो, मुले पाहावयास. मुले कोणाची, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे, आणि त्या अडचणीपायीच हे चार शब्द लिहावयास बसलो आहोत.

झाले ते असे. चार वर्षांपूर्वी काल्याच्या कीर्तनात आम्ही बोलता बोलता बोलून गेलो की, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या तेव्हा कोणाची भाकर कोणाच्या हाती आली हे कोणी पाहिले नाही; आपण मात्र पंगतीत उरलेली बुंदीसुद्धा मोजून घरी नेतो. बोलणे मंडळींच्या जिव्हारी लागले असावे. त्याच रात्री अकरा घरांनी ठरविले की, धारणी तालुक्यातील एका वसतिगृहातील अकरा मुलांचा वर्षाचा खर्च आपण उचलावयाचा. हिशेब शेतकऱ्याचा. एका मुलामागे एक क्विंटल तुरीची किंमत. तूर महाग झाली तर मुलाचा लाभ, स्वस्त झाली तर घरातून भर. चार वर्षांत दोन वर्षे कपाशीने दगा दिला, एक वर्ष सोयाबीन पाण्यात सडले, तरी एकाही घराने हात आखडता घेतला नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यावरून ही माणसे हलक्या मनाची होती असा कोणाचा समज व्हावयास नको.

यंदा मंडळी म्हणाली, "महाराज, पोरायले एकडाव पाहून तं येऊ."

आम्हांस ते रुचले नाही. दान देऊन ते पाहावयास जाणे म्हणजे पेरलेले उकरून पाहणे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा धरून, फळाकडे डोळा ठेवून दिलेले ते राजस. मुलांचे हसरे तोंड पाहावे, त्यांनी आपल्याला ओळखावे, ही इच्छा म्हणजे फळाचीच आशा नव्हे काय? हे सारे आम्ही पारावर बसून मंडळींस समजावून सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. एक म्हातारी मागे बसली होती, ती म्हणाली, "महाराज, वासरू दावणीले बांधलं तरी सकाळी उठून पायतोच नं आपुन? दूध देते म्हणून थोडंच पायतो!"

यावर शास्त्रात उत्तर असेल, पण आम्हांस त्या वेळी सुचले नाही. गाडी ठरली.

आमच्या लहानपणी मूर्तिजापुराहून अचलपुरास शकुंतला जात असे. तिच्या गतीला लोक हसत, पण गरिबाला ती परवडे. ती बंद पडून आता काही वर्षे झाली. म्हणून मोटारीने दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असे गेलो. परतवाड्यापुढे घाट लागतो. घटांग, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीकडे जावे तसतसे सागाचे रान दाट होत जाते, सिपना नदी मधून मधून दिसते, आणि मोटारीतील बोलणे आपोआप कमी होते. आमच्या वऱ्हाडाला लागूनच हा मुलूख आहे, जिल्हाही अमरावतीच. पण वऱ्हाडातील बहुतेक माणसांनी तो पाहिलेला नसतो. १९७४ च्या सुमारास तेथे व्याघ्रप्रकल्प झाला; तेव्हापासून लोकांस तेथील वाघ ठाऊक आहे. १९९३ साली तेथील बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हा तेथे मुलेही आहेत हे कळले. कोरकू लोकांची भाषा मराठीच्या गोतातली नाही, हिंदीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे तिची बहीण शोधावयाची तर छोटा नागपुराकडे जावे लागेल. वाटेत एका ठिकाणी चहाला थांबलो तेव्हा दोन बायका आपसांत बोलत होत्या. आमचे पन्नास वर्षांचे संस्कृत आणि मराठी, दोन्ही तेथे मुके झाले. विलायतेला जावयाचे तर समुद्र ओलांडावा लागतो. आम्ही एक घाट ओलांडून परदेशात आलो होतो.

परदेशावरून आठवले. दूरच्या मुलांना पैसे पाठवावेत आणि मग त्यांना भेटावयास जावे, ही चाल साहेबांच्या देशांत जुनी आहे. छप्पन्नाचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, आमच्या वऱ्हाडावरून नांगरासारखा फिरला. त्या वेळी अमेरिकेतील ख्रिस्ती भाविकांनी हिंदुस्थानातील अनाथ मुलांकरिता वर्गण्या पाठविल्या. त्याच्या आधीच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून उपाशी मुली उचलून आणल्या. भाकरीबरोबर पुष्कळांचा देवही बदलला. त्यावर आपल्याकडे पुष्कळ रागाने लिहिले गेले आहे, आणि त्या रागात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ती मुले ज्या गावांत उपाशी निजली त्या गावांतही आपली देवळे होती, सप्ताह होते, आणि कीर्तनकारही होतेच की! असो.

वसतिगृहात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुले ओळीने उभी केलेली. अधीक्षकांनी भल्या मनानेच सारी सिद्धता केली होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. देणारे पाहुणे येतात तेव्हा असेच करावयाचे असते असे त्यांनी कोठेतरी पाहिले असणार. मुलांनी आभाराचे एक गीत म्हटले. मग एकेका मुलाचे नाव पुकारावयाचे, त्याने आपल्या पालकापुढे यावयाचे, पाया पडावयाचे, आणि मोबाइलवर छायाचित्र. दहा मुले आली, वाकली, गेली. म्हातारीने आपल्या वाट्याच्या मुलीला वाकूच दिले नाही. तिने तिची हनुवटी धरून तोंड उघडावयास लावले आणि म्हणाली, "दोन दात पडले व्हय तुये!" मुलीला वऱ्हाडी कितपत कळले कोण जाणे, पण ती खळखळून हसली.

अकरावा मुलगा तेरा वर्षांचा. पुढे आला, उभा राहिला, वाकला नाही. अधीक्षक हळूच म्हणाले, "पाया पड." तो उभाच. ज्या शेतकऱ्याने त्याचा भार घेतला होता ते साठीचे गृहस्थ अवघडले. त्यांचा तरुण मुलगा बरोबर होता, त्याने विचारले, "काऊन रे?" तेव्हा तो मुलगा शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द ठेवीत बोलला, "माझी आई तुमच्या गावाला सोंगायला येते."

एवढेच. त्यात उद्धटपणा नव्हता. कोणी नाव-गाव विचारावे आणि आपण सांगावे, तसे त्याने सांगितले. पण ऐकताच आम्हा साऱ्यांची तोंडे उतरली. ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्याकरिता सांगतो. मेळघाटात पावसाळ्यानंतर हाताला काम नसते. कुटकी-सावा घरापुरताही होत नाही. मग दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्याच्या टोळ्या खाली वऱ्हाडात उतरतात; सोयाबीनची सोंगणी, मग कपाशीची वेचणी, संत्र्याच्या बागा, पुढे हरभरा. शेताच्या बांधावर पालाची खोपटी घालून राहतात. लहान पोरे बरोबर असतात, मोठी आजीजवळ किंवा वसतिगृहात. मुकादमाशी बोली होते, मुकादमाकडून पैसा मिळतो. आपल्या ताटातील तुरीचे वरण आणि आपल्या सप्ताहाची वर्गणी, दोन्हींतून या हातांचा घाम काढून टाकता येणार नाही.

परतताना मोटारीत वाद झाला. तरुण मुलगा तापला होता. "सोंगणीची मजुरी देतो नं आपुन? फुकट थोडंच सोंगून घेतो! वरून याच्या शिक्षणाचे पैसे, अन् पोरगं माज दाखवते. महाराज, तुम्हीच सांगा. पुढच्या साली याचे पैसे काऊन द्यावं?"

आम्हांस न्यायाधीश केले म्हणून हा प्रश्न सोपा वाटला असे नाही. मुलाचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते. जो आपल्यावर उपकार करतो त्याच्यापुढे वाकावे हे आपणच मुलांना शिकवितो. वाल्मीकिरामायणात सुग्रीव राज्य मिळाल्यावर रामकार्य विसरून बसला, तेव्हा लक्ष्मण त्याला काय सुनावतो? मोठमोठ्या पातकांना प्रायश्चित्ते सांगितली आहेत, कृतघ्नाला मात्र सुटका नाही. मग त्या मुलाने वाकण्यात काय बिघडले असते?

आम्ही त्याला म्हणालो, "बापू, मजुरी दिली म्हणजे सोंगणीचे फिटले, असे तुझे म्हणणे. बरे. वसतिगृहाला पैसे देऊन तू काय घेतलेस? एक मूल शिकावे अशी तुझी इच्छा होती, ते शिकते आहे. तेही फिटले. जेथे पैशाने फिटते असे आपण म्हणतो तेथे दोन्हीकडे फिटले पाहिजे. आणि पैशाने फिटत नाही, वर काही उरते, म्हणून त्याने वाकावे असे म्हणशील, तर त्याच्या आईच्या बाबतीतही काही उरत असेलच. तिच्यापुढे तुमच्यापैकी कोण वाकला?"

मुलगा गप्प झाला. पटले म्हणून नव्हे. आमच्या वयाकडे पाहून. हे आम्हांस कळत होते.

मग त्याचे वडील, जे इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते, ते सावकाश म्हणाले, "महाराज, पाच वर्सं झाले. माह्याच वावरात सोंगत असन ते बाई. मुकादमाचं नाव मालूम आहे मले. त्या बाईचं नाव नाही मालूम."

या एका वाक्याने आमच्या डोक्यातील पुष्कळ गोष्टी जागच्या हलल्या. गीतेतील ज्या श्लोकांचा आधार घेऊन आम्ही मंडळींना जाऊ नका म्हणत होतो, तेथेच सात्त्विक दान कोणाला द्यावे हेही सांगितले आहे: ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही, ज्याच्याकडून फेड यावयाची नाही, अशाला. आम्ही ही ओळ कीर्तनांतून शेकडो वेळा सांगितली असेल. पण त्या मुलाच्या आईने तर आधीच आपले शेत सोंगून दिले आहे! मग त्याला दिलेले ते दान कसे? ती फार तर फेड. आणि फेड करणारा सावकारापुढे वाकतो, सावकार त्याच्यापुढे वाकत नाही. अर्थात येथे सावकार कोण आणि कूळ कोण, हे आपण उलटे लिहून ठेवले होते.

कृतज्ञ या शब्दाकडे पाहा. पाठशाळेत आम्हांस तो फोडून दाखविला होता. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. त्यात वाकणे नाही, आभार नाही, हार-तुरे नाहीत. नुसते जाणणे आहे. आणि कृतघ्न म्हणजे केलेले मारून टाकणारा, जणू ते झालेच नव्हते. आता सांगा, तो मुलगा वाकला नाही, पण कोणी काय केले हे जाणून होता. आम्ही मोटार भरून त्याच्याकडून कृतज्ञता घ्यावयास गेलो, आणि त्याच्या आईचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. शतपथब्राह्मणात तीन नव्हे, चार ऋणे सांगितली आहेत. देवांचे, ऋषींचे, पितरांचे, आणि चौथे माणसांचे. माणूस जन्मतो तोच या चौघांचा देणेकरी होऊन. चौथे ऋण फेडावयाचे ते माणसांना आसरा व अन्न देऊन. चौथ्या ऋणाचे हे वचन पाठ असूनही आजवर आम्ही बहुतेक तीनच ऋणे सांगत आलो, कारण तीन सांगितली की श्रोत्यांना ओळखीची वाटतात.

दुसरा दिवस रविवारचा, पौषातला. म्हणून थोडी वाकडी वाट करून पूर्णेकाठी ऋणमोचनास गेलो. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नावच ऋणमोचन, येथे स्नान केले की ऋणातून सुटका, अशी लोकांची श्रद्धा. गाडगे महाराजांनी १९०५ साली घर सोडल्यावर लोकोपयोगी बांधकामाला आरंभ केला तो येथे. यात्रेकरू काठावरच्या चिखलात घसरून पडत, म्हणून त्यांनी घाट बांधविला. ऋणातून मोकळे व्हावयास लोक नदीत उतरत, आणि बाबा त्यांच्या पायांखाली दगड बसवीत. याच यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालीत, वस्त्रे देत.

बाबांचे बालपण कोणाच्या आश्रयाने गेले हे आपण विसरतो. जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा, १८७६ चा. वडील व्यसनात गेले. आई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीस आली, आणि पोर मामाकडे गुरे राखीत वाढले. ज्याने पुढे पंढरपूर, आळंदी, नाशिक, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांकरिता आसरा केला, तो स्वतः दुसऱ्याच्या छपराखाली वाढलेला होता. कोणी पायांवर डोके ठेवू लागले तर ते दूर होत, आणि गर्दी आभार मानावयास जमेपर्यंत त्यांनी पुढच्या गावची वाट धरलेली असे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पण ते स्वतः कोणाच्या दारी भाकर मागत तीही आधी लाकडे फोडून, अंगण झाडून. घेतानाही फुकट घ्यावयाचे नाही आणि देतानाही मोबदला नाही, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचा देह पडला, तेव्हा कोणाचे काही द्यावयाचे राहिले नव्हते. आपल्या प्रापंचिकांना हे जमत नाही. आपल्याला दिलेले आठवते आणि घेतलेले विसरते. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. सव्वाशेच्या आसपास बेवारस, अपंग मुलांना त्यांनी आपले नाव दिले, बापाच्या रकान्यात स्वतःचे नाव घातले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक अंध लेक लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जावे कोठे, असा त्यांचा सरकारला वर्षानुवर्षे प्रश्न आहे. बाप झाल्यावर आभाराचा विषयच संपतो. पण अकरा घरे अकरा मुलांचे बाप होऊ शकत नाहीत. त्यांना मधला काहीतरी मार्ग हवा.

घाटाच्या पायरीवर बसलो असता, दुसऱ्यांचे पुष्कळ झाले, आता आपले सांग, असे आतून कोणीतरी म्हणाले.

१९७२ साली आम्ही अकरा वर्षांचे होतो. दर्यापुराकडचे आमचे गाव. वडील आधीच वारलेले, त्यात तो दुष्काळ. लोक खडी फोडावयास जात, सुकडी मिळे, आणि रेशनवर लाल मिलो मिळे. ती अमेरिकेतून आलेली होती. सारा गाव तिला नावे ठेवीत खात होता, आम्हीही ठेवली. सातासमुद्रापलीकडे कोणा कुणब्याने ती पेरली असेल, त्याच्या घरीही वासरू असेल, हा विचार आज पन्नास वर्षांनी प्रथम मनात आला. काकांनी आम्हांस अमरावतीस एका पाठशाळेत नेऊन सोडले. तेथे विद्या मिळे, निजावयास जागा मिळे, जेवण मात्र वारावर. अंबागेट, बुधवारा, भाजीबाजार या भागांत सात घरे ठरवून दिली; सोमवारी एक, मंगळवारी दुसरे, याप्रमाणे.

सोमवारचे घर एका वकिलांचे. तेथे वरण-भातावर तूप, सणाला पुरण. पण पाहुणे असले की ताटावरून उठवून आम्हांस उभे करीत, "म्हण रे, रघुवंश म्हण." आम्ही म्हणत असू. पाहुणे वाहवा करीत, ती वकीलसाहेबांची. "पुण्य करता हो तुम्ही," असे त्यांना म्हणत. त्या तुपाची चव आजही आठवत नाही. आठवतो तो उभे राहण्याचा ओशाळेपणा. त्या मेळघाटच्या मुलाला आम्ही मोटारीत इतक्या तत्परतेने पाठीशी घातले, त्यात आमचा जुना सोमवार किती आणि न्याय किती, हे आम्ही स्वतःला विचारले. उत्तर निर्मळ आले नाही.

गुरुवारचे घर एका विधवा बाईंचे. पापड लाटून आणि लोकांची शिवणे शिवून त्या घर चालवीत. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ताक. ताट वाढून त्या यंत्रावर जाऊन बसत, जेवणाऱ्याकडे पाठ करून. काही विचारीत नसत. एखाद्या गुरुवारी पाठशाळेत उशीर झाला तर दिवेलागणीला गेलो तरी ताट झाकून ठेवलेले असे. पाच वर्षे आम्ही तेथे जेवलो. १९७७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्थेत जावयाचे ठरले आणि एका मंगळवारी निघालो. गुरुवारच्या घरी सांगावयास गेलो नाही. मुद्दाम टाळले असे नाही. मंगळवार होता, एवढेच. त्यानंतर अमरावतीत आम्ही निदान चाळीस कीर्तने केली असतील. त्या गल्लीत गेलो नाही. सुरुवातीला वेळ नव्हता, मग लाज वाटू लागली, मग विसर पडला. ज्ञानोबांसारखी चार पोरकी लेकरे आळंदीत कोणाच्या भिक्षेवर जगली त्या घरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, असे आम्ही कीर्तनात गहिवरून सांगत असू. गंगाखेडहून आणलेली पोरकी जनी दामाशेटींच्या घरी वाढली आणि तिने जन्मभर त्या घराचे नाव आपल्या नावापुढे लावले, हेही सांगत असू. आणि आमच्या गुरुवारचे नाव आम्ही कोठे लावले?

रामाने हनुमंताला निरोप देताना म्हटले आहे की, तुझे उपकार माझ्यातच जिरून जावोत; कारण उपकार फेडावयाची इच्छा धरणे म्हणजे तुझ्यावर संकट यावे अशी इच्छा धरणे. न फेडण्याचे इतके सुंदर समर्थन दुसरे नाही, आणि आम्ही ते स्वतःकरिता पुष्कळ वापरले. पण राम हे हनुमंताला समोर उभे करून, मिठी मारून बोलला. पत्ता न ठेवता नव्हे.

मेळघाटातून आल्यावर आठ दिवसांनी आम्ही अमरावतीस गेलो. गल्ली सापडली. जुने घर पाडून त्या जागी दुमजली झाले आहे, पण मागचा आवाड तसाच. बाई जाऊन सत्तावीस वर्षे झाली. त्यांचा मुलगा, आमच्याहून दोन वर्षांनी लहान, नोकरीतून निवृत्त होऊन घरीच असतो. आम्ही नाव सांगितले, त्याला कळले नाही. मग म्हणालो, "मी गुरुवारचा." त्याने आम्हांस खालपासून वरपर्यंत पाहिले आणि हसू लागला.

"अहो, तुमच्यापायी गुरुवारी मले पाण्याचं ताक मिळे! घट्ट ताक तुमच्यासाठी. लय राग ये तुमचा."

त्या ताकाचे ऋण आम्हांस ठाऊकच नव्हते. आम्ही बाईंचे देणे द्यावयास गेलो, आणि तेथे एक दुसराच धनको साठ वर्षांचा होऊन बसलेला. अकरा घरांनीही, तुरीची किंमत देताना, आपल्या घरातील कोणाच्या ताकात पाणी पडले ते विचारले असेल की नाही कोण जाणे. तापलेल्या त्या तरुण मुलाच्या रागाकडे आम्ही तेव्हा या बाजूने पाहिलेच नव्हते. त्याच्या लग्नाचे दोन वर्षांपासून पैशाकरिता अडले आहे, हे आम्हांस ठाऊक असूनही.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एका वर्षी शहरातील एका देवळात आमचे कीर्तन होते. बाई ऐकावयास आल्या होत्या, बायकांत मागे बसल्या होत्या, शेवटपर्यंत. मुलगा म्हणाला, आई, जाऊन भेट ना. तर म्हणाल्या, "नको रे. मोठा झाला तो. चार लोकांत मी ओळख दाखवली तं त्याले वारावर जेवल्याचं आठवन, लाजल्यावानी होईन." घरी येऊन मात्र पुढे पुष्कळ दिवस विचारीत, गुरुवारचा कोठे असतो, बायको-पोरे आहेत का, प्रकृती बरी दिसली का.

म्हातारीने वासराचे सांगितले होते ते हेच, हे त्या ओसरीवर उलगडले. देणाऱ्याला पाहावेसे वाटते, त्यात सारेच राजस नसते. आम्ही मंडळींना जाऊ नका म्हणत होतो, आणि येथे एक माउली पाहण्यापुरते पाहून, स्वतःला न दाखविता परत गेली होती. तिला खबर हवी होती, ती देणे आमच्या हाती होते, एका पोस्टकार्डाचे काम होते.

मूर्तिजापूरकडच्या मंडळींनी पुढे काय ठरविले ते सांगतो. अकराही मुलांचे चालू आहे, त्या मुलाचेही. तरुण चिरंजीव अजून धुसफुसतात. हरभऱ्याची टोळी उतरली तेव्हा ते साठीचे गृहस्थ बांधावर जाऊन त्या मुलाची आई कोणती ते शोधू लागले. ती यंदा त्यांच्या शेतावर नव्हती, दर्यापुराकडे गेली होती. नाव मात्र मिळाले. त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून ठेवले आहे, मुकादमाच्या नावाखाली. वसतिगृहाला आम्ही पत्र घातले आहे की, गीत नको, ओळ नको. मुलांनी वर्षातून दोनदा आपल्या हाताने काय ते लिहावे, आणि अकरा घरांनीही त्यांना लिहावे, शेतात काय आहे, गाय व्याली का. म्हातारीला लिहिता येत नाही. तिचे पत्र आम्हीच लिहून दिले. त्यात बहुतेक दातांचीच चौकशी आहे.

अमरावतीहून निघताना बाईंच्या मुलाने आम्हांस दाराशी अडविले. "आज असेच जाता? गुरुवारी जेवाले या. घट्ट ताक ठेवतो, दोघायलेही." येता गुरुवार एकादशीचा आहे, तेव्हा त्यापुढचा ठरला आहे.